लंबवर्तुळाची नोंद : जोडताऱ्यांच्या कक्षा संगणकात कशा मांडल्या जातात

खगोलशास्त्राचा विषय निघाला की दुर्बिणीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि आजच्या खगोलशास्त्रात दुर्बिणीइतकेच महत्त्व संगणकाला आणि त्यात घातलेल्या आज्ञावलीला प्राप्त झाले आहे. दुर्बीण आकाशातून संदेश गोळा करते. त्या संदेशाचा अर्थ आज्ञावली लावते. आज्ञावलीत निसर्गाचे जे प्रतिरूप मांडलेले असेल, त्यावरच हा अर्थ अवलंबून असतो. प्रतिरूप सदोष असेल, तर उत्तम दुर्बिणीने टिपलेला संदेशही वाया जाण्याचा संभव असतो.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावनजीक खोडद येथे ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तीत असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. या दुर्बिणीच्या साहाय्याने २००४ साली ‘जे ०५१४-४००२ ए’ या स्पंदक ताऱ्याचा शोध जाहीर करण्यात आला. स्पंदक तारा, म्हणजेच पल्सार, हा मृत ताऱ्याचा अतिशय घन असा अवशेष होय. तो स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा एक स्पंद आपल्याकडे पाठवितो. हा तारा सेकंदाला सुमारे दोनशे वेळा फिरतो. तो एकटा नाही. एका जोडीदारासह तो परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधला गेला असून १८.८ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. या प्रदक्षिणेचा मार्ग विलक्षण लांबट आहे. अशी लांबट कक्षा संगणकात बिनचूक कशी मांडावयाची आणि तीत कोठे चूक होऊ शकते, याची माहिती या लेखात करून घ्यावयाची आहे.

दोन टाचण्या आणि एक दोरा

सूर्याभोवती फिरणारे ग्रह वर्तुळात फिरत नसून लंबवर्तुळात फिरतात, हा नियम योहान्नेस केप्लर याने १६०९ साली मांडला. लंबवर्तुळ किती लांबट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला विमध्यता असे म्हणतात. वर्तुळाची विमध्यता शून्य असते. ती जसजशी एककाजवळ जाते, तसतशी आकृती निमुळती होत जाते.

ही कल्पना वर्गात सहज दाखविता येईल. दहा सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याची दोन टोके दोन टाचण्यांना बांधावीत आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरून आकृती काढावी. टाचण्यांमधील अंतराला दोऱ्याच्या लांबीने भागले की विमध्यता मिळते. पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता ०.०१६७ आहे, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दोऱ्यासाठी टाचण्यांत दोन मिलिमीटरसुद्धा अंतर ठेवावे लागणार नाही. काढलेली आकृती डोळ्यांना वर्तुळच वाटेल. खोडदहून शोधलेल्या उपरोक्त ताऱ्याच्या कक्षेची विमध्यता ०.८८८ आहे. तिच्यासाठी टाचण्या ८.९ सेंटिमीटर अंतरावर टोचाव्या लागतील आणि दहा सेंटिमीटर लांब, पण केवळ ४.६ सेंटिमीटर रुंद अशी आकृती मिळेल. एका टाचणीच्या जागी जोडीतील दुसरा तारा आहे असे समजले, तर पहिल्या ताऱ्याचे त्याच्यापासूनचे कमाल अंतर किमान अंतराच्या जवळजवळ सतरा पट भरते.

पृथ्वीच्या कक्षेतील अल्पशी विमध्यतासुद्धा आपल्या दिनदर्शिकेत उमटलेली आहे. मार्चमधील विषुवदिनापासून सप्टेंबरमधील विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस होतात. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत मात्र सुमारे १७९ दिवसच भरतात. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते व तेव्हा ती अधिक वेगाने धावते, हे यामागील कारण होय. आपल्या ज्योतिर्गणितात या असमान गतीची दखल पूर्वीपासून घेतलेली आहे. ग्रहाचे मध्यम स्थान काढून त्याला ‘मंदफल’ नावाचा संस्कार दिला की स्पष्ट स्थान मिळते, ही रीत पंचांगकर्त्यांना परिचित आहे. सूर्याच्या बाबतीत हा संस्कार आज जास्तीत जास्त १ अंश ५५ कला इतका येतो. आधुनिक आज्ञावली जे काम करते त्याचे मूळ तत्त्व हेच आहे : आधी मध्यम गती, मग दुरुस्ती.

सुटत नसलेले समीकरण

वर्तुळाकार कक्षेचे गणित त्रैराशिकाचे असते. प्रदक्षिणेचा चतुर्थांश काळ गेला म्हणजे ९० अंशांची वाटचाल झाली. लंबवर्तुळात असे होत नाही. केप्लरच्या दुसऱ्या नियमानुसार दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ ओलांडते. म्हणून तारा जवळ असताना वेगाने आणि दूर असताना संथपणे जातो. अमुक वेळी तारा नेमका कोठे आहे, हे काढण्यासाठी केप्लरने एक सहायक कोन कल्पिला. हा सहायक कोन म्हणजे मध्यम कोन अधिक विमध्यता गुणिले त्याच सहायक कोनाची साइन, असे त्याचे समीकरण आहे. यातील अडचण अशी की जो कोन शोधावयाचा, तोच समीकरणाच्या दोन्ही बाजूंस आहे. नेहमीच्या बीजगणिताने तो एका झटक्यात वेगळा काढता येत नाही. तो अंदाज आणि सुधारणा या मार्गानेच काढावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. विमध्यता ०.६ आहे आणि निकटबिंदू सोडल्यापासून चतुर्थांश काळ लोटला आहे. म्हणजे मध्यम कोन ९० अंश आहे. पहिला अंदाजही ९० अंशच धरू. अंशांत काम करावयाचे असल्याने ०.६ ला ५७.३ ने गुणावे, ३४.४ येतात. आता ९० ची साइन १, म्हणून सुधारलेले उत्तर १२४.४. त्याची साइन घेऊन पुन्हा तीच क्रिया केली की ११८.४ येतात. पुढे अनुक्रमे १२०.२, ११९.७, ११९.९ असे करीत उत्तर ११९.८ अंशांवर स्थिर होते. यावरून ताऱ्याची खरी दिशा काढली तर ती निकटबिंदूपासून सुमारे १४८ अंशांवर येते. चतुर्थांश काळात तारा ९० ऐवजी १४८ अंश चालून गेला. दूरबिंदूपर्यंतचे उरलेले ३२ अंश चालण्यास त्याला तेवढाच काळ लागणार आहे.

संगणक हेच करतो, फक्त फार वेगाने. परंतु विमध्यता एककाच्या जवळ असेल आणि तारा निकटबिंदूपाशी असेल, तर ही साधी रीत अतिशय मंदावते. विमध्यता ०.८८८ असताना त्या ठिकाणी प्रत्येक फेरीत चूक कशीबशी अकरा टक्क्यांनी घटते. न्यूटनची अधिक जलद रीत वापरली, तरी आरंभीचा अंदाज चुकीचा असल्यास ती भरकटू शकते. म्हणून चांगल्या आज्ञावलीत आरंभीचा अंदाज कसा घ्यावा आणि केव्हा थांबावे, यासंबंधी स्वतंत्र तरतूद केलेली असते. वर्तुळावर तपासून ‘बरोबर चालते’ असा शेरा दिलेली आज्ञावली लांबट कक्षेवर अडखळू शकते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दहा तास आणि अठरा दिवस

समीकरणाचा हा मार्ग दोनच तारे असताना उपयोगी पडतो. तिसरा तारा जवळ आला, किंवा इतर परिणाम विचारात घ्यावयाचे झाले, म्हणजे दुसरा मार्ग धरावा लागतो. काळाचे लहान लहान टप्पे पाडावयाचे, प्रत्येक टप्प्याला गुरुत्वाकर्षणाचे बल काढावयाचे आणि ताऱ्यांना थोडे पुढे सरकवावयाचे, अशी ही पद्धत आहे. टप्पा किती मोठा असावा, हा तिच्यातील कळीचा प्रश्न होय.

खोडदहून शोधलेल्या जोडीचे गणित केले असता असे दिसते की, निकटबिंदूच्या बाजूचा १८० अंशांचा प्रवास हा तारा अवघ्या दहा तासांत उरकतो. उरलेल्या १८० अंशांसाठी त्याला अठरा दिवसांहून अधिक काळ लागतो. निकटबिंदूपाशी त्याची दिशा बदलण्याचा वेग दूरबिंदूपाशी असलेल्या वेगाच्या सुमारे २८४ पट असतो. आज्ञावलीत एक दिवसाचा टप्पा ठेवला, तर अठरा दिवसांचे चित्र दिसावयास सुबक येईल. पण अर्धी प्रदक्षिणा ज्या दहा तासांत घडते, ते दहा तास एकाच उडीत ओलांडले जातील. सर्वत्र अगदी लहान टप्पा ठेवावा, तर संगणकाचा बहुतेक वेळ दूरबिंदूपाशी जवळजवळ स्थिर असलेल्या ताऱ्याची नोंद घेण्यात खर्च होईल. यास्तव टप्पा अंतराप्रमाणे बदलावा लागतो : जवळ असताना बारीक, दूर असताना मोठा.

टप्प्याइतकीच पद्धतीची निवडही महत्त्वाची आहे. सर्वांत सोप्या पद्धतीत तारा प्रत्येक टप्प्याला सरळ रेषेत पुढे ढकलला जातो. तिच्यात दर फेरीला थोडी ऊर्जा उगाचच वाढते आणि कक्षा चक्री घेत बाहेर पडू लागते. ‘बेडूकउडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वेग आणि स्थान आळीपाळीने अर्ध्या टप्प्याच्या अंतराने पुढे नेतात. तिच्यात ऊर्जा फार काळ जवळजवळ कायम राहते. मात्र मध्येच टप्पा बदलला की तिचा हा गुण कमी होतो. आणि टप्पा कायम ठेवला, तरी तिच्यात एक सूक्ष्म दोष राहतोच. लंबवर्तुळ आपला आकार टिकविते, पण त्याची लांबट दिशा हळूहळू वळू लागते.

हा दोष क्षुल्लक वाटेल; तथापि तो फसवा आहे. कारण लंबवर्तुळाची दिशा प्रत्यक्षातही वळते. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तामुळे बुधाच्या कक्षेची दिशा शतकाला ४३ विकलांनी वळते, आणि १९१५ साली या आकड्याचा उलगडा होणे हा त्या सिद्धान्ताचा पहिला मोठा विजय ठरला. खोडदच्या ताऱ्याच्या बाबतीत ती एका वर्षात सुमारे ०.०१३ अंशांनी, म्हणजे ४६ विकलांच्या आसपास वळते. या आकड्यावरूनच त्या जोडीचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे अडीच पट असल्याचे कळून येते. आता संगणकाच्या आळसामुळे आलेले वळण आणि निसर्गाचे वळण यांत भेद करता आला नाही, तर ताऱ्यांचे वजनच चुकेल. म्हणून जाणकार शास्त्रज्ञ तेच प्रतिरूप निम्म्या टप्प्याने पुन्हा चालवून पाहतात. उत्तर बदलले, तर ते वळण ताऱ्याचे नव्हे, आज्ञावलीचे होते असे ठरते.

पाच आकडे आणि उरलेला शेष

स्पंदक ताऱ्याची कक्षा आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. आपल्याला मिळतात त्या केवळ स्पंद येऊन पोहोचल्याच्या वेळा. तारा कक्षेत आपल्यापासून दूर असेल तेव्हा स्पंद उशिरा येतात, आणि तो अलीकडे येईल तेव्हा लवकर. या उशीर-लवकरवरून कक्षा ओळखावयाची असते.

त्यासाठी ‘टेम्पो’, ‘टेम्पो-टू’, ‘पिंट’ या नावांच्या आज्ञावली जगभर वापरल्या जातात. त्यांत कक्षेचे वर्णन मुख्यतः पाच आकड्यांनी होते : प्रदक्षिणेचा काळ, आपल्या दृष्टिरेषेत दिसणारा कक्षेचा आकार, विमध्यता, निकटबिंदूची दिशा आणि निकटबिंदू ओलांडल्याची वेळ. सापेक्षतेचे परिणाम जाणवत असतील, तर निकटबिंदूच्या वळण्याचा वेग, प्रदक्षिणाकाळातील घट यांसारखे आणखी काही आकडे जोडले जातात. थिबॉ दामूर आणि नाताली दर्यूएल यांनी १९८० नंतरच्या दशकात यासाठी मांडलेले सूत्र आजही प्रमाण मानले जाते.

हे आकडे घेऊन आज्ञावली प्रत्येक स्पंदाची अपेक्षित वेळ सांगते. प्रत्यक्ष वेळेतून ती वजा केली की जो फरक राहतो त्यास शेष म्हणतात. कक्षेचे वर्णन बरोबर असेल, तर शेष शून्याच्या दोन्ही बाजूंना कोणत्याही क्रमाविना विखुरलेले दिसतात. लांबट कक्षा वर्तुळ समजून मांडली असेल, तर त्यांत दर प्रदक्षिणेला पुन्हा पुन्हा येणारी लाट दिसते. हिशेबाच्या वहीत दर महिन्याला तेवढीच रक्कम कमी पडू लागली, म्हणजे नोंदीची पद्धतच तपासावी लागते. त्यातलाच हा प्रकार होय.

याच्या उलट बाजूचीही एक अडचण आहे. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असेल, तर निकटबिंदू कोठे आहे हे सांगताच येत नाही. वर्तुळाचा प्रत्येक बिंदू मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो. तरीही आज्ञावली निकटबिंदूची दिशा व वेळ मागत असेल, तर ती काहीतरी उत्तर देते; पण त्या उत्तराला अर्थ नसतो. त्यामुळे अशा ताऱ्यांसाठी विमध्यता आणि दिशा स्वतंत्रपणे न लिहिता त्यांचे दोन एकत्रित घटक लिहावयाचे, अशी वेगळी मांडणी केली जाते. कक्षा कोणत्या प्रकारची आहे हे पाहून मांडणी निवडावी लागते. एकच नमुना सर्वांना चालत नाही.

आक्रसत जाणारी कक्षा

येथवर कक्षा कायम राहते असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात परस्परांभोवती फिरणारे घन तारे गुरुत्वीय लहरींच्या रूपाने ऊर्जा गमावतात आणि हळूहळू जवळ येतात. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ साली पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथील दुर्बिणीने शोधलेली जोडी हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिचा प्रदक्षिणाकाळ सुमारे पावणेआठ तास व विमध्यता ०.६१७ आहे. तिच्या निकटबिंदूची दिशा वर्षाला सुमारे ४.२ अंशांनी वळते. तिचा प्रदक्षिणाकाळ वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो, आणि ही घट आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताशी एक टक्क्याहूनही कमी फरकाने जुळते. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

येथेही विमध्यतेचे महत्त्व स्पष्ट दिसते. फिलिप पीटर्स आणि जॉन मॅथ्यूज यांनी १९६३ साली काढलेल्या सूत्रानुसार, तेवढ्याच लांबीच्या अक्षाच्या वर्तुळाकार कक्षेपेक्षा ही लांबट कक्षा सुमारे बारा पट ऊर्जा गमावते. ही कक्षा वर्तुळ धरून हिशेब केला असता, तर अपेक्षित घट मोजलेल्या घटीच्या बाराव्या हिश्श्याइतकीच आली असती आणि सिद्धान्तच खोटा ठरल्याचा भास झाला असता.

ऊर्जेचा हा ऱ्हास मुख्यतः निकटबिंदूपाशी होतो. तेथे गतीला लगाम बसतो. त्यामुळे तारा पुढच्या फेरीत पूर्वीइतका दूर जाऊ शकत नाही. निकटबिंदू फारसा न बदलता दूरबिंदू मात्र अलीकडे येतो, आणि कक्षा हळूहळू गोल होत जाते. विमध्यता लहान झाल्यानंतर प्रदक्षिणेची वारंवारता दहा पट वाढेपर्यंत ती साधारण अकराव्या हिश्श्यावर येते.

म्हणून आज्ञावलीला तीन घड्याळे एकाच वेळी सांभाळावी लागतात. पहिले प्रदक्षिणेचे, दुसरे निकटबिंदूच्या वळण्याचे आणि तिसरे कक्षेच्या आक्रसण्याचे. पहिले सर्वांत जलद व तिसरे सर्वांत संथ असते. या तिन्ही गती एकत्र गुंफून लांबट कक्षेतील जोडीच्या गुरुत्वीय लहरी कशा मांडाव्यात, याची पद्धत थिबॉ दामूर, ए. गोपकुमार आणि बाला अय्यर यांनी २००४ साली प्रसिद्ध केली. या कार्यात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

साच्यातून निसटणारे संदेश

गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या यंत्रणेने प्रथमच प्रत्यक्ष टिपल्या. यंत्रणेतील गोंगाटात दडलेला क्षीण संदेश हुडकण्यासाठी अपेक्षित लहरींचे असंख्य साचे आधीच तयार ठेवले जातात आणि आलेली नोंद एकेका साच्याशी ताडून पाहिली जाते. या साचे-जुळणीच्या पद्धतीच्या पायाभरणीत बी. एस. सत्यप्रकाश आणि पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील संजीव धुरंधर यांचे १९९१ पासूनचे संशोधन मान्यता पावलेले आहे.

शोधाच्या मुख्य साच्यांत दीर्घकाळ कक्षा वर्तुळाकार धरण्यात आली. त्याला सबळ कारण होते. वर पाहिल्याप्रमाणे दोन तारे एकमेकांत विलीन होण्याच्या सुमारास कक्षा बहुधा गोल झालेली असते, आणि गोल कक्षेचे साचे संख्येने कमी व गणिताला सोपे असतात. परंतु सर्वच जोड्या जन्मतः जोड्या नसतात. हजारो तारे दाटीने राहतात अशा तारकागुच्छांत अनोळखी तारे जवळून जाताना जोडीदारांची अदलाबदल होते आणि अतिशय लांबट कक्षा निर्माण होतात. खोडदहून शोधलेला तारा ‘एनजीसी १८५१’ या अशाच तारकागुच्छात आहे, आणि त्याची जोडी अशाच अदलाबदलीतून झाली असावी असे मानले जाते. अशा दाट वस्तीत दोन कृष्णविवरे अगदी जवळून बांधली गेली, तर कक्षा गोल होण्यास वेळच मिळत नाही. कृष्णविवरांच्या जोड्या कोठे जुळतात, या प्रश्नाचे उत्तर ज्या संदेशांत आहे, तेच संदेश गोल साच्यांतून निसटण्याचा संभव अधिक असतो.

लांबट कक्षेच्या लहरी एकसारख्या वाढत न जाता प्रत्येक निकटबिंदूला उसळी मारतात. संदेश दीर्घ असेल तर ही उसळी ओळखता येते. अल्पकाळ टिकणारा असेल तर घोटाळा होतो. २१ मे २०१९ रोजी नोंदविलेला संदेश याची साक्ष देतो. तो इतका अल्प होता, की काही अभ्यासगटांनी त्याचा अर्थ लांबट कक्षा असा लावला, तर इतरांनी कृष्णविवरांच्या तिरप्या स्वांगभ्रमणाने तो स्पष्ट केला. दोन्ही प्रकारचे साचे तोलामोलाचे असल्याशिवाय अशा वादाचा निवाडा होऊ शकत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत लांबट कक्षांच्या प्रतिरूपांवर जगभर भर देण्यात येत आहे.

एकच शब्द, निरनिराळे अर्थ

या कामात एक प्रशासकीय स्वरूपाची म्हणावी अशी अडचण उद्भवली. दोन आज्ञावलींत विमध्यता ०.१ असा सारखाच आकडा घातला, तरी बाहेर पडणाऱ्या लहरी सारख्या नसतात, असे आढळून आले. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात लंबवर्तुळ स्वतःवर मिटते, म्हणून तेथे विमध्यतेचा अर्थ निःसंदिग्ध असतो. सापेक्षता सिद्धान्तात कक्षा मिटतच नाही. ती वळत आणि आक्रसत जाते. तेथे विमध्यता हा आकडा कोणती मोजपट्टी वापरली यावर अवलंबून राहतो. जमिनीचे क्षेत्र ‘वीस’ असे लिहिले आणि गुंठे की आर हे लिहिले नाही, तर जी गत होईल तीच येथे होते.

शिवाय विमध्यता काळाप्रमाणे घटते. विहिरीतील पाण्याची पातळी नोंदविताना महिना लिहिला नाही, तर ती नोंद निरुपयोगी ठरते. पावसाळ्यातील पातळी आणि वैशाखातील पातळी यांची तुलना होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे विमध्यता कोणत्या वारंवारतेला मोजली, आणि त्या क्षणी तारा निकटबिंदूपासून किती पुढे होता, हे दोन्ही नमूद करावे लागतात. यांतील दुसरी बाब पुष्कळदा गाळली जात असे, आणि त्यामुळे दोन चांगल्या प्रतिरूपांतही विनाकारण विसंवाद दिसत असे.

यावर निघालेला तोडगा साधा व सुंदर आहे. आज्ञावलीत काय घातले हे न विचारता, तिच्यातून जे बाहेर आले त्यावरूनच विमध्यता मोजावी. निकटबिंदूचा आणि दूरबिंदूचा कोनीय वेग घ्यावा, त्यांची वर्गमुळे काढावीत, आणि वर्गमुळांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागावे. खोडदच्या ताऱ्याचे हे वेग २८४ आणि १ या प्रमाणात होते. २८४ चे वर्गमूळ १६.८५, त्यातून एक वजा केला की १५.८५, एक मिळविला की १७.८५, भागाकार ०.८८८. सुरुवातीचाच आकडा परत मिळाला. प्रत्यक्ष लहरींवरून मोजताना या सूत्राला आणखी एक संस्कार द्यावा लागतो. मात्र तत्त्व हेच राहते. या धर्तीची प्रमाणित व्याख्या आणि ती वापरणारी खुली आज्ञावली २०२३ साली उपलब्ध झाली असून तिच्या निर्मितीतही भारतीय संशोधकांचा सहभाग आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

या विषयाचा संबंध आपल्या राज्याशी एकाहून अधिक ठिकाणी येतो. खोडदची जागा निवडताना तेथील रेडिओ गोंगाट कमी असल्याचे विचारात घेण्यात आले होते, आणि ती शांतता टिकविण्यात परिसरातील गावांचा वाटा आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची मान्यता दिली. त्यात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असणार आहेत. भारतातील यंत्रणा इतर देशांतील यंत्रणांना जोडली गेली, म्हणजे संदेश आकाशाच्या कोणत्या भागातून आला हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

अशा प्रकल्पांसाठी जमीन, रस्ते आणि वीज जितकी आवश्यक असते, तितकेच हिशेब नेटका ठेवणारे मनुष्यबळही आवश्यक असते. वर उल्लेखिलेल्या आज्ञावली बहुतांशी विनामूल्य व खुल्या आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्या साध्या संगणकावर वापरून पाहता येतात. माध्यमिक शाळेत दोरा-टाचण्यांचे लंबवर्तुळ, दिनदर्शिकेतील १८६ आणि १७९ दिवसांची मोजणी, आणि फळ्यावर पाच-सहा ओळींत सुटणारे केप्लरचे समीकरण, एवढ्यावरून या विषयाची ओळख करून देता येईल. विद्यार्थ्याने उत्तर काढल्यावर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा आकडा कोणत्या मापाने घेतला, आणि तो कोणत्या वेळेचा आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदीत असतील, तरच ती नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते. ताऱ्यांच्या कक्षेला लागू असलेला हा नियम पिण्याच्या पाण्याच्या नोंदवहीलाही तितकाच लागू आहे.